नवे इंडी संगीत शोधावे आणि ऐकावे कसे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

परभणीत आम्ही सात-आठ जण महिन्यातून दोन रविवारी एकत्र बसून नवे स्वतंत्र, म्हणजेच ‘इंडी’ संगीत ऐकतो: मोठ्या संगीत कंपनीशिवाय, कलाकाराने स्वतः किंवा छोट्या कंपनीमार्फत काढलेले. या बैठकीला येणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस एकच तक्रार सांगतो: शोधले तर सापडत नाही, आणि सापडले तर लक्षात राहत नाही. थोडी विचारपूस केली की कळते, त्याने शोधण्यात आळस केलेला नसतो. त्याचा क्रम चुकलेला असतो. अ‍ॅपने पुढे केलेले गाणे वाजते, ते अर्ध्यात सुटते, दुसरे सुरू होते, आणि कोणी गायले, कोणी वाजवले, कुठे ध्वनिमुद्रण झाले यातले काहीच नोंदले जात नाही. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा पाटी कोरी. म्हणून गाणे आवडताच त्यामागच्या नावांचा माग काढावा आणि त्या मागावरून पुढचे गाणे गाठावे, ही सवय लावणारा क्रम खाली दिला आहे.

## आधीची तयारी

साधन. पहिले ऐकणे मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर कधीही करू नये. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि मोबाइलचा छोटा स्पीकर इतका खालचा स्वर काढूच शकत नाही. तबल्याच्या बायाँची घुमक आणि ढोलाचा खर्जही त्याच्यातून बहुतांशी गळून जातो. मग ऐकणारा म्हणतो की गाणे पोकळ वाटले. दोष गाण्याचा नसतो, साधनाचा असतो. महागड्या हेडफोनची गरज नाही. कानात नीट बसणारा साधा वायरचा इअरफोनही पुरतो.

डेटाचा हिशेब. ३२० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) दर्जाचे संगीत मिनिटाला सुमारे २.४ एमबी डेटा घेते, म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम ९६ एमबीच्या आसपास जातो. तोच अल्बम १६० केबीपीएसला ४८ एमबी आणि ९६ केबीपीएसला सुमारे २९ एमबी घेतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जमध्येही उत्तम दर्जाचा एक पूर्ण अल्बम सहज बसतो. डेटा संपतो तो पडद्यावर व्हिडिओ चालू ठेवून गाणी ऐकल्यामुळे. गावाकडे नेटवर्क तुटक असेल, तर शहरात असताना किंवा वायफायवर अल्बम उतरवून घ्यावा. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या अ‍ॅपवर उतरवलेली गाणी टिकून राहण्यासाठी ३० दिवसांतून किमान एकदा इंटरनेटशी जोडले जावे लागते, हे शेतावर किंवा आडगावी राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

सेटिंग्ज. ऐकायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरे काही सुरू करणारा ‘ऑटोप्ले’ बंद असावा. एक गाणे दुसऱ्यात मिसळणारा ‘क्रॉसफेड’ बंद असावा. सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारे ‘नॉर्मलायझेशन’ मात्र चालू असावे. एकच गाणे किंचित मोठ्या आवाजात ऐकवले तरी माणसाला ते अधिक चांगले वाटते, त्यामुळे दोन गाण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी नसेल तर निवड हमखास चुकते.

वही. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि तिच्यात पाच रकाने आखावेत: तारीख, कलाकार व प्रकाशनाचे (म्हणजे गाण्याचे किंवा अल्बमचे) नाव, ‘कुणाकडून किंवा कुठून कळले’, श्रेयनामावलीतील (गाणे घडवणाऱ्यांच्या यादीतील) नावे, आणि लक्ष वेधणारा क्षण कितव्या मिनिटाला आला ते. तिसरा रकाना लोक हमखास रिकामा सोडतात, आणि पुढे सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो.

> तपासणी: इअरफोनवर ओळखीचे एक जुने गाणे लावून पाहावे. डावी-उजवी बाजू बरोबर आहे का, खर्ज ऐकू येतो का आणि गाणे संपल्यावर शांतता राहते का, या तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले की तयारी झाली.

## टप्पा १: आपले झरे ठरवा, तेही मोजकेच

सुरुवातीलाच पन्नास चॅनेल आणि तीस पानांचे सदस्य झालेला माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो. सहा ठिकाणे पुष्कळ झाली, पण ती एकाच प्रकारची नसावीत.

पहिले ठिकाण बँडकॅम्प. २००८ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर कलाकार स्वतःचे संगीत थेट विकतात. तिथे शैलीनुसार, भाषेनुसार आणि शहरानुसार शोधता येते, आणि कलाकाराला ‘फॉलो’ केल्यास नव्या प्रकाशनाची सूचना ईमेलवर येते. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्या आवडीच्या शैलीतील एखादे छोटे लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी कंपनी. हिपहॉप आवडत असेल तर २०१७ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या आझादी रेकॉर्ड्सची यादी चाळून पाहावी. तिसरे ठिकाण माणसांनी निवड केलेला इंटरनेट रेडिओ. दिल्लीचा बॉक्सआउट एफएम, लंडनचा एनटीएस आणि सिएटलचा केईएक्सपी यांपैकी एकावरचा एकच कार्यक्रम निवडून तो सलग चार आठवडे ऐकावा. निवेदकाची आवड आपल्याशी जुळते की नाही, हे त्याआधी कळत नाही.

चौथे ठिकाण पुण्यातील किंवा हैदराबादेतील एखाद्या कार्यक्रमस्थळाचे वेळापत्रक. आपण तिथे जाणार नसलो तरी या महिन्यात कोण वाजवते आहे, हे त्यावरून कळते. पाचवे ठिकाण म्हणजे आपल्या ओळखीतला एक असा माणूस, जो आपल्यापेक्षा वेगळे ऐकतो. अ‍ॅपने तयार केलेली यादी सहाव्या आणि शेवटच्या जागी ठेवावी. ती निरुपयोगी नाही. पण आपण आधी जे ऐकले त्यावरच ती उभी राहते, म्हणून जो स्वतः काहीच शोधत नाही त्याला ती त्याचेच जुने ऐकणे परत आणून देते.

> सावधान: स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ ही यादी दर शुक्रवारी बदलते आणि फॉलो केलेल्या कलाकारांच्या नव्या गाण्यांना तिच्यात स्थान मिळते. गाण्याला ‘लाइक’ करून कलाकाराला फॉलो करायचे राहून गेले की त्याचे पुढचे प्रकाशन सहज नजरेतून सुटते. ही चूक आमच्या बैठकीतल्या जवळपास सर्वांनी केली आहे.

## टप्पा २: आपल्या भागातले संगीत आपल्या शब्दांनी शोधा

‘मराठी इंडी’ असे दोन शब्द टाकून शोध घेणाऱ्याला मराठवाड्यातून फारसे काही मिळत नाही आणि तो समजून चालतो की इथे काही घडतच नाही. प्रत्यक्षात इथले बहुतेक कलाकार स्वतःच्या संगीताला ‘इंडी’ म्हणतच नाहीत. स्वतःच्या पैशाने छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून स्वतःच्या चॅनेलवर टाकलेले भीमगीत, गोंधळाच्या चालीवर बांधलेले नवे गाणे किंवा बंजारा बोलीतले गाणे हे पूर्णार्थाने स्वतंत्र संगीतच आहे. गिटार आणि इंग्रजी शब्द असले तरच ते इंडी, हा समज आधी बाजूला ठेवावा. माझ्या मते मराठवाड्यातल्या श्रोत्याची सर्वांत मोठी हानी याच समजुतीने होते.

शोधताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. गावाचे नाव दोन्ही रूपांत टाकावे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अधिकृत झाली असली, तरी जुन्या प्रोफाइलवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद हीच नावे राहिलेली असतात.
2. कलाकाराचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोधावे, आणि रोमन लिपीत एकापेक्षा अधिक प्रकारे लिहून पाहावे. आपल्याकडे ‘ई’, ‘ऊ’ आणि ‘व’ प्रत्येक जण वेगळ्या अक्षरांनी लिहितो.
3. शैलीऐवजी वाद्य किंवा गीतप्रकार लिहावा: संबळ, दिमडी, तुणतुणे, भारूड, पोवाडा, जलसा, मराठी रॅप. त्याला गावाच्या नावाची जोड द्यावी आणि अलीकडच्या आठवड्याची किंवा महिन्याची गाळणी लावावी.
4. दिनदर्शिका पाहावी. जगभरातील अल्बम १० जुलै २०१५ पासून शुक्रवारी प्रकाशित करण्याचा रिवाज आहे, पण इथले कलाकार त्या वारावर चालत नाहीत. नवी भीमगीते १४ एप्रिलच्या आधीच्या पंधरवड्यात सर्वाधिक येतात. १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि १४ जानेवारीचा नामविस्तार दिन यांच्या आसपासही ती येतात. बंजारा गाण्यांसाठी १५ फेब्रुवारीच्या सेवालाल महाराज जयंतीच्या आधीचे दिवस पाहावेत.

विद्यापीठांचे युवक महोत्सव हाही मोठा झरा आहे. समूहगान किंवा लोकवाद्यवृंदात चांगली साथ करणाऱ्या मुलाचे नाव विचारून वहीत लिहावे. तो पुढे स्वतःचे काही प्रकाशित करतो की नाही, हे वर्षभराने त्या नावानेच शोधता येते.

## टप्पा ३: आठवड्यातून एकदाच चाळणी

रोज थोडे थोडे शोधण्याची सवय घातक आहे, कारण तीत शोधणे आणि ऐकणे यांची सरमिसळ होते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी अर्धा तास ठरवून सहाही झरे पाहावेत आणि जास्तीत जास्त तीन प्रकाशने निवडावीत. या वेळी प्रत्येकाचे एखादे मिनिट ऐकणे पुरेसे आहे आणि ते सुरुवातीचे असण्याची गरज नाही. मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाण्याच्या मध्यावरचे ऐकतो. पहिल्या गाण्याची सुरुवात सर्वांनीच घासूनपुसून केलेली असते.

निवडलेल्या प्रत्येक प्रकाशनाची दोन बाबतींत खात्री करावी.

एक, हा तोच कलाकार आहे का? एकाच नावाच्या दोन कलाकारांची गाणी एका प्रोफाइलवर जमा होण्याचा प्रकार नेहमी घडतो. आधीच्या गाण्यांची भाषा, शैली आणि चित्रे जुळत नसतील तर कलाकाराच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब पानावरील दुव्यावरून आत जावे.

दोन, हे खरोखर स्वतंत्र प्रकाशन आहे का? अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळात ‘पी’ हे अक्षर असलेली ओळ असते. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे आहेत, हे ती सांगते. तिथे कलाकाराचे स्वतःचे किंवा छोट्या लेबलचे नाव असेल तर शंका उरत नाही. एखादा आकडा आणि त्यापुढे ‘रेकॉर्ड्स डीके’ असे दिसल्यास ते डिस्ट्रोकिड या वितरण सेवेने आपोआप दिलेले नाव असते, म्हणजे कलाकाराने गाणे स्वतःच चढवलेले आहे. यूट्यूबवर हीच माहिती गाण्याखालच्या वर्णनात सापडते.

> सावधान: तीनपेक्षा जास्त निवडू नये. न ऐकलेल्या गाण्यांची यादी शंभरावर गेली की ती यादी उघडण्याचेच माणूस टाळू लागतो.

## टप्पा ४: ऐकणे

सर्वाधिक घाई इथेच होते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

पहिले ऐकणे सलग, अल्बमच्या क्रमाने आणि हातात मोबाइल न घेता करावे. गाण्यांचा क्रम कलाकाराने विचारपूर्वक ठरवलेला असतो. गाणी कशीही उलटसुलट वाजवणारे ‘शफल’ चालू असेल तर तो विचार आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मोफत खात्यात क्रम मोडत असेल किंवा मध्येच जाहिराती येत असतील, तर तोच अल्बम बँडकॅम्पवर आहे का ते पाहावे; तिथे खरेदीपूर्वी बहुतेक अल्बम जाहिरातींशिवाय क्रमाने ऐकता येतात. या वेळी मत बनवू नये, नावे शोधू नयेत. जिथे कान टवकारले गेले, तिथले मिनिट तेवढे वहीत टिपावे.

वेळ आणि जागा यांचाही विचार हवा. मार्च ते जून या काळात आपल्याकडे दिवसभर आणि बरेचदा रात्रीही कूलर चालू असतो. त्याच्या घरघरीखाली गाण्यातले हळू भाग झाकले जातात, माणूस आवाज वाढवतो आणि मग मोठे भाग कानावर आदळतात. अशा ऐकण्याने गाण्यावरही अन्याय होतो आणि कानालाही इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. उन्हाळ्यात आम्ही पहाटे साडेपाच ते सात ही वेळ ठरवली आहे. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो आणि रस्ताही शांत असतो.

दुसरे ऐकणे दोन-तीन दिवसांनी आणि वेगळ्या साधनावर करावे: घरचा स्पीकर, मोटारीतील संच किंवा चालताना इअरफोन. पहिल्यांदा कंटाळवाणे वाटलेले गाणे इथे उलगडण्याची शक्यता बरीच असते. पहिल्या ऐकण्यात आपले लक्ष ओळखीचे काय आहे ते शोधत राहते. नव्या चालीची ओळख कानाला होण्यासाठी मधले दोन दिवस लागतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

तिसरे ऐकणे शब्द समोर ठेवून करावे. भाषा आपली असली तरी हे टाळू नये, कारण मराठी रॅपमध्ये किंवा जलशाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात निम्मा अर्थ वेगात निसटतो. भाषा परकी असेल तर बँडकॅम्पच्या पानावर किंवा यूट्यूबच्या वर्णनात कलाकाराने दिलेले शब्द आधी पाहावेत.

अल्बम आवडला नाही असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या ऐकण्यानंतर मिळतो. त्यानंतरही तो आवडला नाही तर खुशाल सोडावा. मनाविरुद्ध तिसऱ्यांदा ऐकण्यातून काहीही साधत नाही. मात्र नाव वहीत राहू द्यावे.

> तपासणी: अल्बमातली एक तरी चाल किंवा एक ओळ गाणे न लावता आठवते का? आठवत नसेल तर ऐकताना मन दुसरीकडे होते. पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी तो पुन्हा लावावा.

## टप्पा ५: नावांचा माग

अल्बम आवडला की त्याची श्रेयनामावली उघडावी. स्पॉटिफायवर गाण्यापुढील तीन टिंबांत ती मिळते, बँडकॅम्पवर गाण्यांच्या यादीखाली असते आणि यूट्यूबवर वर्णनात. गायकाचे नाव आपल्याला ठाऊक झालेलेच असते. या वेळी निर्माता (ध्वनिमुद्रणाला दिशा देणारा), मिक्सिंग करणारा (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणारा), मास्टरिंग करणारा (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणारा), ताल वाजवणारा आणि स्टुडिओ ही पाच नावे वहीत उतरवावीत.

आता वहीत टिपलेल्या क्षणाकडे परत जावे. कान टवकारले ते ढोलकीच्या ठेक्यामुळे असेल तर ढोलकीवाल्याचे नाव शोधावे. आवाजाच्या भरीवपणामुळे असेल तर मिक्सिंग करणाऱ्याचे. स्वतंत्र संगीताचे क्षेत्र लहान असल्याने तोच वादक आणखी तीन-चार कलाकारांना साथ करताना सापडतो, आणि त्यातला निदान एक तरी आपल्या आवडीचा निघतो. असा मिळालेला कलाकार कोणत्याही तयार यादीपेक्षा अधिक टिकतो, कारण तो का आवडला हे आपल्याला सांगता येते.

नेहमीची चूक म्हणजे या टप्प्यावर ‘यांसारखे आणखी’ या शिफारशीवर बोट ठेवणे. ती शिफारस श्रोत्यांच्या सवयींवरून केलेली असते आणि संगीत ज्यांनी घडवले त्यांचा पत्ता तिच्यातून मिळत नाही.

श्रेय दिलेलेच नसेल तर कलाकाराला नम्रपणे संदेश पाठवावा: “तुमच्या अमुक गाण्यातली संबळ कोणी वाजवली आहे, कळेल का?” छोटे कलाकार अशा प्रश्नाला आनंदाने उत्तर देतात आणि एक-दोघांनी नंतर वर्णनात नाव घातल्याचेही मी पाहिले आहे.

## टप्पा ६: पैसे योग्य ठिकाणी पोहोचवा

२०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागील १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकले गेल्याशिवाय मोबदला मिळत नाही. शिवाय वेगवेगळ्या श्रोत्यांची किमान संख्याही पाहिली जाते आणि ती जाहीर केलेली नाही. दहा जणांनी आठवड्यातून दोनदा वर्षभर ऐकले तर १,०४० वेळा होते. यावरून छोट्या गावातल्या कलाकाराला केवळ ऐकण्यातून किती मिळत असेल, याचा अंदाज यावा.

> सावधान: आकडा वाढवण्यासाठी रात्रभर एकच गाणे आवाज बंद करून फिरवत ठेवू नये. कृत्रिम ऐकणे ओळखले गेले की गाणे काढून टाकले जाते आणि नुकसान कलाकाराचेच होते.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के वाटा घेते. २० मार्च २०२० पासून काही निवडक शुक्रवारी ती आपला वाटा सोडते. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मोजला जातो. त्यामुळे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, आणि तिकडे हिवाळी वेळ लागू असताना दीडला सुरू होतो आणि शनिवारी त्याच वेळेपर्यंत चालतो. शुक्रवारी सकाळी उत्साहाने खरेदी करणाऱ्याचा हेतू त्यामुळे साधत नाही.

कार्डाची व्यवस्था आदल्या दिवशी करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला देशांतर्गत एटीएम आणि दुकानातील यंत्रांपुरतेच चालते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावे लागतात. खरेदीपुरती मर्यादा ठेवून ते सुरू करावेत आणि काम झाल्यावर बंद करावेत. बँडकॅम्पवरचे पैसे कलाकाराला पेपल या ऑनलाइन सेवेमार्फत जातात. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केल्यामुळे भारतीय खरेदीदार आणि भारतीय कलाकार यांच्यातील व्यवहार तिथे अडकू शकतो. अशा वेळी कलाकाराला विचारून यूपीआयने पैसे पाठवावेत आणि फाइल मागून घ्यावी. मात्र यूपीआयचा पत्ता त्याच्या अधिकृत पानावरूनच घ्यावा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष ऐकणे

अंतराचा विचार करून शहर निवडावे. संभाजीनगर, जालना आणि बीडकरांना पुणे सोयीचे पडते. नांदेडकरांना हैदराबाद बरेच जवळ आहे, आणि तरीही तिथल्या कार्यक्रमांकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही. तिकीट काढण्यापूर्वी वयाची अट, कार्यक्रम संपण्याची वेळ आणि परतीची गाडी पाहावी. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात त्या कलाकाराचे अलीकडचे एक प्रकाशन टप्पा ४ प्रमाणे ऐकून जावे.

## तीन महिन्यांनी वहीची छाटणी

वहीतला तिसरा रकाना आता उघडावा. प्रत्येक झऱ्यापुढे दोन आकडे लिहावेत: त्याच्याकडून कळलेली प्रकाशने किती आणि त्यांतली दुसऱ्या ऐकण्यानंतर टिकली किती. बारांपैकी एकही टिकले नसेल तो झरा काढून टाकावा आणि त्याच्या जागी टिकलेल्या अल्बमच्या श्रेयनामावलीत दोनदा आलेल्या नावाचे पान बसवावे. मागच्या छाटणीत माझ्या यादीतून एक मोठे, प्रसिद्ध चॅनेल गेले आणि त्या जागी मास्टरिंग करणाऱ्या एका अभियंत्याचे पान आले. त्याच्या पानावर महिन्याला दोन-तीनच नोंदी येतात आणि त्या सगळ्या मी ऐकतो.